परबांची लाल रेघ

गेलेल्या माणसाचं नाव रेशनकार्डावरून कमी करायला कोणी आलं, की परब आधी त्याला खुर्ची द्यायचे. "कशा होत्या आई?" असं विचारायचे, पुरतं ऐकून घ्यायचे आणि मग पट्टी लावून लाल शाईची बारीक रेघ ओढायचे. रेघेखालचं नाव वाचता आलंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. मागे रांग कुरकुरायची. साहेब ओरडायचे, "परब, शोकसभा भरवताय का?"

"दोन मिनिटं, साहेब. माणूस गेलाय."

ऐंशीनंतरची काही वर्षं मुलुंडच्या रेशनिंग ऑफिसात मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर होते. अंगात नव्या नोकरीची रग. मुलगी जाऊन वर्ष झाल्यावर नाव कमी करायला आलेल्या एका बाईला मी चांगलंच फैलावर घेतलं. "वर्षभर तिचं धान्य उचललंत?" परबांनी माझ्या हातातून कार्ड काढून घेतलं. "बस गं बाय," ते तिला म्हणाले. "काय नाव पोरीचं?" मला रागच आला. हा माणूस नियम धाब्यावर बसवतो, असं मी घरी जाऊन सांगितलं.

निवृत्त झाल्यावर परबांनी आठवणी लिहायला घेतल्या. वही घेऊन माझ्या घरी यायचे. "वाच आणि चुका काढ. लाजू नको." घाटकोपरची चाळ, लवकर गेलेले वडील, पेजेवर काढलेले दिवस, मागून आणलेली पुस्तकं, मॅट्रिक, सरकारी नोकरी. सगळं ऑफिसातल्या टिपणीसारखं नीट. फक्त एक गोम होती. घरात आई आणि दोन मुलगे, आणि रेशन चौघांचं. माझी नोकरीच तशी, लगेच लक्षात आलं. मी हसत विचारलं, "हे चौथं कोण हो?"

परबांनी वही मिटली. महिनाभर फिरकले नाहीत. मी फार मोठी चूक केली, असं वाटत राहिलं.

आले ते चार पानं घेऊनच. शाली, त्यांची धाकटी बहीण. तापाने गेली तेव्हा तीन वर्षांची होती. आईने तिचं नाव कमी केलं नाही. दोन वर्षं तिच्या वाटणीचा तांदूळ घरात शिजला. कोणी विचारलं तर 'गावाला गेलीय' म्हणायचं, हे काम परबांकडे होतं. "जन्मभर लोकांची नावं कमी केली," ते म्हणाले, "हिचं लिहायला हात उठत नव्हता. परवा लिहिलं आणि पहिल्यांदा तिच्यासाठी रडलो." मीही रडले. मला ती कार्डवाली बाई आठवत होती.

परबांची म्हातारी आई अजून होती. "त्यांना दाखवलंत?" मी विचारलं.

"वाचून दाखवलं. भीत भीतच. पंचेचाळीस वर्षांत आमच्या घरात शालीचं नाव कोणी घेतलं नव्हतं ना."

"मग?"

"सगळं ऐकलं तिने. मग म्हणाली, 'तिका साखर आवडायची, ता खंय लिवलंस?'"