बिनखुणेची नळी

"तिला काय विचारतेस? ती आणि ही भेंडीची रोपं, सारखीच. पाणी घाल, ऊन दाखव, हूं नाही की चूं नाही."

बोलणं माझ्याबद्दल होतं. जाळीघराच्या बाहेर कोणीतरी हसलं. मी आत शेवटच्या रांगेत वाकून पानं तोडत होते, म्हणून त्यांना दिसले नाही. बोलणारा आमच्या लॅबमधला, उरणहून येणारा सहकारी. हसली ती ताई. माझी सीनियर, पीएचडीच्या शेवटाला आलेली. पिपेट कसं धरायचं इथपासून मला सगळं तिनंच शिकवलं.

"गप्प असते तेच बरंय," ताई म्हणाली. "उद्या मीटिंगमध्ये कोणी फाटे फोडायला नकोत. कंट्रोलचं बघेन मी नंतर."

ते जाईपर्यंत मी तशीच वाकून राहिले. पाठ भरून आली होती. पांढऱ्या माश्या चष्म्यावर बसत होत्या, त्या उडवायचाही कंटाळा आला.

भेंडीवर केवडा पडतो, म्हणजे एका विषाणूमुळे पानांच्या शिरा पिवळ्या होतात. शेंगाही पिवळट निघतात, वाशीच्या बाजारात त्यांना कोणी हात लावत नाही. आमच्या काही रोपांना मात्र नंतर पुन्हा हिरवी पानं फुटली. विषाणू गेला नव्हता, शोधला की सापडायचा. फक्त शांत झाला होता. ताईचं म्हणणं असं की रोपानं विषाणूच्या डीएनएवर मिथाइलच्या बारीक खुणा चिकटवून त्याची जनुकं बंद पाडली. रोपं असं करतात हे माहीत आहे. आमच्या रोपांनी तेच केलं का, हा तिच्या प्रबंधाचा विषय.

या खुणा दिसत नाहीत. त्यासाठी डीएनएवर बायसल्फाइट नावाचं रसायन घालतात. डीएनएच्या साखळीतलं खूण नसलेलं 'सी' हे अक्षर त्यानं बदलतं, खूण असलेलं तसंच राहतं. पण रसायनानं कामच केलं नाही तर सगळंच तसंच राहतं, आणि जिकडेतिकडे खुणा आहेत असं वाटतं. म्हणून सोबत एका नळीत मुद्दाम बिनखुणेचा डीएनए ठेवायचा. तो पूर्ण बदलायला हवा. ती कंट्रोलची नळी माझ्याकडे होती, आणि तिच्यातला डीएनए जवळजवळ बदललाच नव्हता.

तसा मी ताईला मेल केला होता. बोलले नव्हते. शास्त्राचं काही मराठीत बोलायला गेलं की माझं वाक्य अर्ध्यावर अडकतं, आणि इंग्रजीत बोललं की लॅबमधले सगळे एकदम सभ्य होतात. मेल बरा पडतो.

डीएनए न बदलण्याचं कारणही मला माहीत होतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत होतात तसे बायसल्फाइटच्या बाटलीत खडे झाले होते. नवी बाटली मागवायची तर सह्यांमागून सह्या, त्यामुळे आमच्याकडे कुठलंच रसायन संपल्याशिवाय टाकत नाहीत. ताईनं चमच्यानं खडे फोडले. "चालतं गं," म्हणाली.

संध्याकाळी ती स्लाइड्स करत बसली होती. तिची फेलोशिप संपली होती, आणि परभणीहून आईचा रोज फोन यायचा. "हो आई, झालंच. उद्या सर हो म्हणाले की लिहायलाच बसते." फोन ठेवून तिनं डोकं टेबलावर टेकवलं. "थकले गं मी. आता डीएनएसाठी परत एक पान जरी कुटावं लागलं ना, तर मी सरळ घरी निघून जाईन."

मी तिच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले.

"काय गं?"

"काही नाही. चहा आणू?"

"आण."

घरी आई डब्यासाठी भेंडी चिरत होती. एक पिवळट निघाली, ती तिनं बाजूला टाकली. "चेहरा का असा?" तिनं विचारलं. तिलाही मी काही नाही म्हणाले. दिवसभर हेच एक उत्तर देऊन माणूस एवढं दमतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर काळ्या ठिपक्यांच्या रांगा होत्या, प्रत्येक ठिपका म्हणजे एक खूण. कंट्रोलची स्लाइड नव्हती. आमच्या गाइड सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "छान. लिहायला घे आता." ताईचे खांदे एकदम खाली आले. कितीतरी महिन्यांनी तिला असं सैल बसलेलं पाहिलं. मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. मेल तिनं वाचला होता.

"कुणाला काही?" सरांनी विचारलं.

मीटिंग संपताना ते नेहमी विचारतात. त्यावर कोणी बोलायचं नसतं, खुर्च्या सरकवून चहाला निघायचं असतं. उरणवाला कप घेऊन उठलासुद्धा होता. "चला, सुटलो."

हे लिहिलं गेलं, तर आमची रोपं खरंच कशी सुधारली ते पुन्हा कोणी बघणार नव्हतं. आणि परीक्षक कधीतरी कंट्रोल मागणारच. तेव्हा ताई एकटी उभी असणार होती.

"मला आहे, सर," मी म्हणाले. "कंट्रोलच्या नळीतला डीएनए बदललेला नाही. रसायन खराब झालं होतं. ताई, हिरवी रोपं अजून आहेत. पानं मी कुटते, आपण दोघी पुन्हा करू."