मेलेल्या सेलचा पिवळा डबा

बालाकाच्या बाजाररस्त्यावर एलिफा नांगवालेचं दुकान होतं आणि बरोबर समोर फायनेस चिलिम्बोचं. मीठ, साबण, सुके मासे, विजेरीचे सेल, दोन्हीकडे सगळं सारखंच मिळायचं, त्यामुळे हेवासुद्धा बरोबरीचा होता. एलिफा तो मन लावून करायची. फायनेसने दाराला रंग दिला तर तिला चार दिवस जेवण गोड लागायचं नाही.

मग विहिरींच्या पाण्यासाठी काम करणाऱ्या एका संस्थेची माणसं आली आणि वापरलेले सेल गोळा करायचा पिवळा डबा फायनेसच्या दुकानात ठेवून गेली.

संडासाच्या खड्ड्यात टाकलेले सेल विहिरीचं पाणी नासवतात, तेव्हा मीठ घ्यायला याल तेव्हा तेही घेऊन या, असं त्यांचं म्हणणं. एलिफाला म्हणणं पटलं, जागा पटली नाही. गावातले निम्मे सेल तिने विकलेले. मेल्यावर मात्र ते समोर जायचे, आणि सेल घेऊन जाणारी बाई मीठही तिथूनच घ्यायची.

तिने रंगाची रिकामी बादली धुऊन दुकानाबाहेर मांडली. सगळ्यांना दिसावी म्हणून भर उन्हात. इथेच चुकलं. बालाकात सेल संपला म्हणून कुणी टाकत नाही, आधी छपराच्या पत्र्यावर ठेवतं. तापला की रेडिओ आणखी एखादी संध्याकाळ बोलतो. दुपारपर्यंत बादलीतले सेल छान तापले आणि ज्यांनी टाकले होते त्यांनीच परत नेले. ज्यांनी टाकले नव्हते त्यांनीही नेले.

बादली रिकामी झाली, पण बोलबाला झाला की एलिफाच्या दारात सेल जिवंत होतात. बायका डब्याकडे जाण्याआधी तिला दाखवू लागल्या. ती सेल विजेरीत घालायची, काचेवर हात धरायची आणि गंभीरपणे म्हणायची, "धुगधुगी आहे अजून. घरी न्या." काचेत उजेडाचा ठिपका नसला तरी. डबा पावसाळ्याआधी भरला नाही तर दुसरीकडे हलवणार, हे तिच्या कानावर आलं होतं.

एका दुपारी खुद्द फायनेस रस्ता ओलांडून आली.

"माई नांगवाले, माझ्या रेडिओचे बघा जरा. गावाला सांगता तसं नको, खरं सांगा."

विजेरी लागली नाही. खोटं बोलणं एलिफाला जड नव्हतं, पण समोरची बाईही सेलच विकत होती.

"मेलेत," ती म्हणाली.

"वाटलंच. तुमच्या हातून मेलेला हा पहिलाच जोड." फायनेस हसलीसुद्धा नाही. "डबा तुमच्याकडे ठेवा म्हणून सांगितलंय मी त्यांना. माझा नुसता कोपरा अडतो. तुमच्या जिवाला तरी थंडावा."

डबा आला. दुसऱ्या दिवसापासून गावातले सेल पटापट मरू लागले. एलिफा विजेरी लावायची, खेदाने मान हलवायची आणि डब्याकडे बोट दाखवायची. डबा भरला. संस्थेच्या माणसाने कौतुक केलं, ते समोर ऐकू जावं म्हणून तिने त्याला पुन्हा म्हणायला लावलं.

मोकळ्या झालेल्या कोपऱ्यात फायनेसने बाकडं टाकलं आणि शेजारी थोब्वाची, म्हणजे मक्याच्या गोड आंबिलीची, घागर ठेवली. सेल टाकून झाले की बायका उन्हातून तिकडे जायच्या, टेकायच्या, घोट घ्यायच्या आणि उठताना मीठ घ्यायच्या.

एलिफा डब्याशेजारी उभी राहून बघायची. एका बाकड्यापुरती जागा तिच्याही दुकानात होती. तिथे डबा होता.