नानांची आखूड दुर्बीण

शेषेराव नानांच्या हातात काहीही दिलं तरी ते आधी कानाशी नेऊन हलवायचे. नारळ असो, कुलूप असो की मनगटावरचं घड्याळ. मी गावच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो तेव्हा नवं फाउंटन पेन मोठ्या ऐटीत त्यांना दाखवायला गेलो. त्यांनी निबेकडे पाहिलंसुद्धा नाही. कानाशी धरून खुळखुळवलं आणि म्हणाले, "आवाज करून राहिलंय मास्तर. आतून ढिलं हाय." आठ दिवसांत त्या पेनानं माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर शाई ओकली. मी नानांवरच चिडलो. त्या वयात खरं सांगणाऱ्यावर चिडायची मला सवय होती.

नानांनी हैदराबादला फौजेच्या शस्त्रशाळेत बावीस वर्षं बंदुका दुरुस्त केल्या होत्या. बायको प्लेगात गेलेली, मूलबाळ नाही. गावी परतले ते एक पत्र्याची पेटी आणि उजव्या भुवईवर चंद्रकोरीसारखा व्रण घेऊन. त्याबद्दल विचारलं की म्हणायचे, "साहेबाची लांबडी दुर्बीण. डोळा जरा जवळ नेला, बार झाला, अन् तिनं घेतला चावा." बंदुकीवरच्या दुर्बिणीबद्दल ते एखाद्या खोडकर जनावराबद्दल बोलावं तसं बोलायचे.

निजामाच्या राज्याचे ते अखेरचे दिवस होते. आमचं गाव जळकोटपासून तीन कोसांवर. हत्यारबंद टोळ्या गावं लुटत, जाळत फिरत होत्या. शेजारचं गाव त्यांनी भर दुपारी पेटवलं, तेव्हा आम्ही गढीच्या बुरुजावरून धूर पाहिला. दुसऱ्या दिवशी आम्ही प्रेतं आणायला गेलो. विहिरीतून अकरा बाहेर काढली. एका बाईच्या मुठीत दाराची कडी होती, चौकटीतून उपटून आलेली. 

त्यानंतर निजामाच्या सरहद्दीपलीकडून आमच्या गावाला एक रायफल मिळाली. आखूड नळीची, प्रत्येक बाराला हातानं खटका मागे ओढून नवी गोळी पुढे ढकलायची, अशी. सोबत एकवीस गोळ्या. नेम धरणारा माणूस गावात एकच, नाना. पण पन्नाशी उलटलेल्या नानांना बंदुकीच्या टोकावरची, नेम धरायची माशी आता धूसर दिसायची. "दुर्बीण लागंल," ते म्हणाले. "ती न्हाई तर ही काठीच समजा."

दुर्बीण गावात होती. पाटलांच्या वडिलांनी वाघाच्या शिकारीसाठी आणवलेली, हातभर लांब, पितळेच्या कड्यांची, मखमली पेटीत निजलेली. खंडेनवमीला तलवारीशेजारी तिची पूजा व्हायची. पाटलांनी ती दोन्ही हातांनी नानांपुढे धरली. नानांनी ती कानाशी नेली, हलवली आणि तिच्या पेचात नख घालून लाल भुकटी बाहेर काढली.

"हिच्या अंगात कुंकू गेलंय पाटील. पूजेला चांगली हाय."

पाटलांचा चेहरा पडला. मला नानांचा राग आला.

मग नाना मला घेऊन नांदेडला गेले. तिथल्या एका बंदूकवाल्याकडच्या मोडीच्या टोपल्यात तासभर उकिडवे बसून त्यांनी एक दुर्बीण निवडली. वीतभर लांबीची, रंग उडालेली, पोचा पडलेली. मी डोळ्याला लावली तर समोरचा माणूस जेमतेम दुप्पट दिसला. पाटलांच्या दुर्बिणीतून त्याच्या मिशांचे केस मोजता आले असते.

"ही?" मी म्हणालो.

"आपला बुरूज ते ओढ्याचा उतार किती?"

"सव्वाशे पावलं."

"मग मिशा मोजून काय करतू? लांबडीत एकच माणूस मावतो. त्याच्या बाजूला कोण हाय ते दिसत न्हाई. हिच्यात समदा उतार दिसतो. अन् ही आदळली तरी हिला काय होत न्हाई. दुश्मन परवडला मास्तर, आपल्याच माणसाच्या हातून चीज लई आदळती."

हे शेवटचं वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

परतल्यावर त्यांनी दोन्ही दुर्बिणींची परीक्षा घेतली, आणि ती त्यांच्याच पद्धतीनं. आधी लांब दुर्बीण रायफलवर बसवून चिंचेच्या खोडावर खूण करून बार काढला. मग रायफल बैलगाडीच्या आखाला बांधली, गाडी दगडधोंड्यांच्या वाटेनं लांबच्या मळ्यापर्यंत नेऊन आणली आणि पुन्हा त्याच खुणेवर बार काढला. गोळी वीतभर बाजूला लागली. त्यांनी पेच घट्ट केले, नेम पुन्हा जुळवला. मग आखूड दुर्बीण बसवून नेम जुळवला, बार काढला आणि तीही तशीच फिरवून आणली. तिची दुसरी गोळी पहिलीला खेटून बसली.

गावानं खोडाकडे पाहायला हवं होतं. गावानं आखाकडे पाहिलं. पूजेतली वस्तू गाडीच्या वंगणाला बांधली म्हणून पाटील भडकले. चावडीवर बैठक बसली. तिथे मी उभा राहिलो, शिकलेला माणूस ना मी! पाटलांचा मान राखला पाहिजे, शिवाय जास्त दिसतं तेच जास्त चांगलं, असं छान भाषण ठोकलं. माना डोलल्या. लांब दुर्बीण रायफलवर राहायची ठरली.

नाना एवढंच म्हणाले, "हाव. पंचांचं मान्य." आखूड दुर्बीण त्यांनी बंडीच्या खिशात टाकली. तिच्या खाचा त्यांनी अशा घासल्या होत्या की केव्हाही बसवली तरी जागच्या जागी बसावी.

पुढच्या मंगळवारी सकाळी बुरुजावर रायफल पोचवायचं काम माझ्याकडे होतं. नुकत्याच चुना लावलेल्या पायऱ्या होत्या. सातव्या पायरीवर माझा पाय घसरला आणि रायफल खाली गेली, दुर्बिणीवरच आदळत, तीन पायऱ्या. मी धावत जाऊन उचलली. काच फुटलेली नव्हती. इकडेतिकडे पाहिलं, कोणी नव्हतं. मी धोतराच्या सोग्यानं चुना पुसला, वर जाऊन रायफल नेहमीच्या कोपऱ्यात उभी केली आणि नाना आले तेव्हा एक शब्द बोललो नाही. का, तर चावडीवर भाषण मीच केलं होतं.

त्याच दुपारी टोळी आली. तीसेक माणसं ओढ्याच्या पलीकडे उभी राहिली. माझे थोरले बंधू, गणपतदादा, पहाटे जळकोटच्या बाजाराला निघाले होते. तेच टोळीच्या पुढे होते. हात मागे बांधलेले, एक कान कापलेला, अर्धा सदरा रक्तानं भिजलेला. त्यांच्या मानेवर तलवार टेकवून टोळीचा म्होरक्या ओरडला, "गढीचं दार उघडा! नाहीतर याला इथंच कापतो!"

बुरुजावर मी नानांच्या शेजारी होतो. खाली माझी आई दाराला धडका देत होती, चौघं तिला आवरत होते. नानांनी रायफल उचलली आणि सवयीनं कानाशी नेऊन हलवली. मी पाहत होतो. त्यांचा चेहरा बदलला.

"ढिली झाली," ते पुटपुटले. "हिच्यानं मारलं तर गणपतला बी लागंल."

तेव्हा तरी बोलायचं. मी ओढ्याकडेच बघत राहिलो.

त्यांनी ढब्बू पैशाच्या कडेनं पेच फिरवायला सुरुवात केली. एक पेच. दुसरा पेच. लांब दुर्बीण काढून बाजूला टाकली, खिशातली आखूड काढली, खाचेत सरकवली. खालून म्होरक्या आकडे मोजत होता. नानांची बोटं कापत नव्हती, घाईही करत नव्हती. घाई केली असती तर पेच तिरका गेला असता. ते दुसरा पेच आवळत होते तेवढ्यात तलवार उठली आणि खाली आली. दादा गुडघ्यांवर बसले, मग पालथे पडले. ओढ्याचं पाणी त्यांच्या डोक्याभोवती लाल झालं.

लगेच नानांचा बार झाला. म्होरक्याच्या गळ्यातून गोळी आरपार गेली. खटका मागे, खटका पुढे. दुसरा बार, दुसरा माणूस. एकजण दगडाआडून बंदूक रोखत होता, नानांना तो त्याच आखूड दुर्बिणीच्या कडेला दिसला. तो तोंडावर पडला. सहा गोळ्या, पाच प्रेतं. एकजण पोटात गोळी घेऊन ओढ्यात लोळत बराच वेळ ओरडत होता, आणि आमच्यातल्या लोकांनी जाऊन त्याला दगडांनी शांत केलं. मीही दोन दगड मारले. बाकीची टोळी पळाली. गाव वाचलं.

पण गावाला ती वाया गेलेली मिनिटं दिसली होती. "म्हातारा भ्याला. हात चालंना त्याचा," लोक म्हणू लागले. लांब दुर्बीण आधीच ढिली होती, नीट तपासली नाही, असंही म्हणाले. नानांनी कोणालाच उत्तर दिलं नाही. आईनं त्यांचं नाव टाकलं. ते दारावरून गेले की विटाळ झाल्यासारखी ती उंबऱ्यावर पाणी फेकायची. माझ्यासमोर फेकायची. मी पाहत राहायचो.

निजामाचं राज्य गेलं. मी नांदेडला हायस्कुलात लागलो. चौदा वर्षांनी निरोप आला की नाना शेवटच्या घटकेला आहेत. मी गेलो. खाटेवर हाडं उरली होती. मी त्यांचे पाय धरले आणि त्या सकाळचं सगळं सांगून टाकलं.

"मालूम हाय," ते म्हणाले. "दुर्बिणीच्या कड्यात चुना राहिला होता."

"मग नाना, गावाला का नाही सांगितलंत? आईला तरी?"

त्यांनी श्वास गोळा केला. "तिचा एक लेक गेला होता. दुसरा बी काढून घेऊ का तिचा?"

मी तिथून उठलो तो सरळ घरी गेलो. आई चुलीपुढे होती. मी उभ्याउभ्या तिला सांगितलं, सातवी पायरी, चुना, सोगा, सगळं. ती ऐकत होती. तव्यावरची भाकरी जळाली तरी तिनं उलटली नाही. मग ती उठली, तांब्या भरला आणि माझ्याकडे न बघता बाहेर पडली. मी मागोमाग गेलो. नानांचं डोकं तिनं मांडीवर घेतलं आणि चमचा चमचा पाणी त्यांच्या तोंडात घातलं. दिवस मावळायच्या आत नाना गेले.

आई त्यानंतर नऊ वर्षं जगली. नांदेडला माझ्याकडे राहायला ती कधीच आली नाही, आणि मी गावी गेलो तर मला जेवायला वाढून परसात जाऊन बसायची. नाना म्हणाले होते तसंच झालं. तरी सांगितलं ते बरं केलं असं मला वाटतं. नानांना शेवटचं पाणी माझ्या आईच्या हातचं मिळालं.