बंद माइकची हजेरी

शाळा बंद होत्या त्या वर्षी गारगोटीकडच्या प्राथमिक शिक्षकांना ऑनलाइन शिकवायला तयार करण्याचं काम माझ्याकडे आलं. कोल्हापुरातल्या घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून मी चाळीस जणांना आठवडाभर शिकवत होते. पहिल्याच दिवशी सगळ्यांना माइक बंद करायला लावले. मला गोंगाट खपत नाही.

शेवटच्या दिवशी प्रत्येकाने दहा मिनिटं पाठ घ्यायचा, बाकीच्यांनी मुलं व्हायचं. ज्याला जमणार नाही, त्याच्या वर्गाला दुसऱ्या कुणाचे तरी तयार व्हिडिओ दाखवायचे. आणि जमलं की नाही ते ठरवणारी मी. पहिलीला शिकवणाऱ्या एका गुरुजींना त्याचीच धास्ती होती. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. आदल्या दिवशी फोनवर म्हणाले, "मॅडम, माझी पोरं दुसऱ्याच्या हवाली करू नका."

त्यांची पाळी आली. त्यांनी चष्मा पुसला, हजेरीपट उघडला आणि म्हणाले, "एक नंबर." थांबले. सगळ्यांचे माइक बंद, उत्तर देणार कोण? "एक नंबर हाय का?" पुन्हा थांबले. पाच मिनिटं गेली तरी गाडी तीन नंबरापुढे सरकेना. माझा पारा चढला.

"गुरुजी, हजेरी राहू द्या. धडा सुरू करा."

"पोरगं हाय का न्हाय ते कळल्याबिगर शिकवू कुणाला?"

त्यांच्या नावापुढे फुली मारायला मी पेन उचललं. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमच्या वर्गात आत्ता किती जण हाईत?"

"चाळीस," मी स्क्रीनवरचा आकडा वाचला.

"इचारून बघा की."

त्यांची खोड मोडावी म्हणूनच मी सगळ्यांना माइक सुरू करायला सांगितलं आणि यादीतलं एकेक नाव घेत गेले. अकरा जणांनी ओ दिली. त्यातल्या एकाने म्हशीची धार काढता काढता दिली. बाकीचे चौकोन तसेच काळे राहिले. मला लाज वाटली. आठवडाभर मी मोठ्या तोऱ्यात शिकवत होते, ते कुणाला?

गुरुजी हजेरीपटावर बोट ठेवून बसून होते. मी पेन खाली ठेवलं. त्यांची पोरं त्यांच्याकडेच राहणार होती.

"घ्या गुरुजी, पहिल्यापासून घ्या," मी म्हणाले.

त्यांनी पुन्हा चष्मा पुसला. "एक नंबर."

"हजर, गुरुजी," मी म्हणाले.