प्रार्थनेला मिटलेले डोळे

आमच्या मंडळीत चुगलीला चुगली म्हणत नाहीत, प्रार्थनेचा विषय म्हणतात. दर शुक्रवारी दुपारी अमरावतीच्या आमच्या चर्चमधल्या बायका कुणाच्या तरी घरी जमतात. दोन-तीन गाणी होतात आणि मग घरची बाई विचारते, "विषय सांगा." कुणाच्या नवऱ्याची किडनी, कुणाच्या पोरीचं लफडं, कुणाचा दारुडा दीर, सगळं देवापुढं मांडलं जातं. देवाला ते आधीच ठाऊक असतं. शेजारणीला नसतं, तिची सोय होते.

माझी धाकटी बहीण अकोल्याहून आली तेव्हा तिच्याजवळ फक्त भाजीची पिशवी होती. बाजारात जाऊन येते म्हणून ती घरातून निघाली आणि सरळ अमरावतीच्या बसमध्ये बसली. उजव्या मनगटाला प्लास्टर होतं. न्हाणीत पाय घसरला, असं तिनं डॉक्टरला सांगितलं होतं. मला तिनं तेही सांगितलं नाही, आणि मला विचारावंही लागलं नाही, कारण तिला दारात पाहिलं आणि मला मिक्सर आठवला. ती फोन करायची तेव्हा मागं कायम मिक्सर घरघरत असायचा. मी थट्टा करायची, "किती चटण्या वाटतं वं?" चटणी कसली! नवऱ्याच्या कानावर बोलणं जाऊ नये म्हणून बाई रिकामा मिक्सर फिरवत होती.

तिच्या नवऱ्याचा फोन आला. "इकडं आली का?" मी म्हटलं, "नाही." सरळ खोटं बोलले, आणि त्याचा पश्चात्ताप मला आजतागायत झालेला नाही. तो नागपूरला तिच्या मैत्रिणीकडं शोधायला गेला. तेवढ्यात आमच्या मावसबहिणीनं परतवाड्याला मुलींच्या वसतिगृहात तिच्यासाठी कामही पाहून ठेवलं. काम होतं आणि राहायला खोली होती. प्लास्टर निघालं की तिकडं जायचं, तोवर कुणाला काही कळू द्यायचं नाही, एवढंच आम्ही तिघींनी, म्हणजे मी, बहीण आणि आईनं ठरवलं होतं.

आणि शुक्रवारी आईनं विषय सांगितला.

"काहून सांगतलं?" मी ओरडले. आई चहा गाळत होती. "मी का गावभर सांगतलं? देवाच्या लेकरायलेच सांगतलं ना." देवाच्या लेकरांनी संध्याकाळपर्यंत मोबाइलवर तो विषय अकोल्याला पोचवला. त्या मेसेजखाली जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली. मेसेजात आमच्या बहिणीचं नाव होतं, मोडलेला हात होता आणि ती सध्या कुठं आहे तेही होतं. दयेपोटी हो, सगळं दयेपोटी! आईवर मी दोन दिवस धुसफुसत होते, पण खरं सांगायचं तर तिच्यापेक्षा त्या जोडलेल्या हातांचा मला जास्त राग आला. ते पाठवणाऱ्यांतल्या एकीनंही फोन करून विचारलं नाही, बाई, वेणी घालून द्यायला येऊ का? एका हातानं वेणी घालता येत नाही.

रविवारी उपासना आटोपल्यावर बेल वाजली. पाळकसाहेब, चर्चचे एक पंच आणि त्यांच्या मागं जावई. आईच्या तोंडून सवयीनं "सलाम, या" निघून गेलं आणि मंडळी सोफ्यावर बसलीसुद्धा. मी पाणी दिलं. त्यालाही दिलं. पेला त्याच्या तोंडावर रिकामा करावासा वाटत होता.

तो रडला. रुमाल तोंडाला लावून हुंदके देऊन रडला. पंचांचा जीव वितळला. "पाहा बाई, मानूस कसा रडून राह्यला." माझी बहीण दिवाणावर आईला चिकटून बसली होती. ती रडताना कुणाला कधी दिसली नाही, म्हणून तिच्यासाठी कुणाचा जीव वितळला नाही. पाळकसाहेब क्षमेवर बोलले. छान बोलतात ते. जगात आणि आपल्यात फरक असेल तर तो क्षमेचाच, असं म्हणाले. हे तिला सांगत होते, त्याला नाही. आमच्याकडं क्षमेचा सगळा भार मार खाणाऱ्यावर, आणि मारणाऱ्यानं रडलं की झालं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "दया करा म्हनता, साहेब, पन तिच्या हाताचं काय?"

"तो भाग आपण प्रार्थनेत ठेवू, ताई," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. सगळ्यांनी माना खाली घातल्या. पाळण्यात असल्यापासून आम्हाला ते वळण आहे. कुणी प्रार्थना म्हटलं की पापणी आपोआप खाली येते. माझी त्या दिवशी आली नाही, रागानं आली नाही.

म्हणून मला दिसलं. जावयाचेही डोळे उघडे होते. रुमाल अजून नाकाशी होता, पण डोळे कोरडे ठणठणीत होते आणि बहिणीवर रोखलेले होते. तिचेही उघडे होते. त्यानं दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी स्वतःच्या उजव्या मनगटावर हलकेच थोपटलं. बस, एवढंच. बहिणीनं प्लास्टरचा हात ओढणीखाली घेतला. पाळकसाहेब तिकडं हे घर पुन्हा जोडल्याबद्दल देवाचे आभारही मानू लागले होते.

"डोळे उघडा!" मी किंचाळले.

त्यांनी उघडले तेव्हा तो मान खाली घालून बसला होता, अगदी गरीब कोकरू. मी काय पाहिलं ते सांगितलं. "कायबी सांगते ही," तो पुटपुटला. पंच म्हणाले, "भर प्रार्थनेत असं वरडते का कोनी?" पाळकसाहेब फार दुःखी स्वरात म्हणाले, "ताई, तुमच्यात दयाच नाही." सगळे माझ्याकडंच पाहत होते, जणू हात मीच मोडला होता.

तेव्हा आई उठली. "म्याबी पाह्यलं," ती म्हणाली. जन्मभर प्रार्थनेत जिची पापणी कधी हलली नाही, ती म्हातारी हे म्हणाली, त्यामुळं पाळकसाहेब उठून उभे राहिले. तिनं दार उघडून धरलं. "जावईबापू, तुमच्यासाठी मी रोज प्रार्थना करीन. पन पोरगी देनार नाई." पंच काहीतरी पुटपुटत जोडे घालू लागले. तो शेवटी गेला.

आई आपला शब्द पाळते. रोज त्याच्यासाठी प्रार्थना करते, नाव घेऊन करते. मला ते ऐकवत नाही, मी तेवढ्यापुरती उठून गॅलरीत जाते. दयेचं ते टोक मला अजून गाठता आलेलं नाही, आणि सध्या गाठायचंही नाही.

त्या रविवारी ते तिघं गेल्यावर मी आईला विचारलं, "तुले खरंच दिसलं का वं?"

"नाई. माहे डोये मिटेल होते." तिनं सोफ्यापुढचे पेले गोळा केले. "तुले दिसलं ना? मंग."

संध्याकाळी आम्ही तिघी जेवायला बसलो. जेवणाआधीची प्रार्थना आईची असते. तिनं हात जोडले, पण बहिणीचे डोळे मिटेनात. ती दाराकडं पाहत होती. मला वाटलं, आता आई रागावणार. आईनं आपलं ताट उचललं, ती दाराकडं तोंड करून बसली आणि तिला म्हणाली, "तू मीट. मी उघडे ठेवीन."