फुकटचा सूर्य

डिप्लोमा करून मी नकाशे काढायला लागले, त्यानंतरची पंधरा वर्षं मी एकच फ्लॅट काढत होते. बिल्डर बदलायचे, प्लॉट बोळिंजचा असो की आचोळ्याचा, फ्लॅट मात्र तोच. त्यात ऊन कुठून येतं, वारा कुठून येतो, हे मला कुणी कधी विचारलं नाही. पार्किंग किती, एवढंच विचारायचे.

मग घरी ब्रॉडबँड आलं आणि मला तो प्रोग्रॅम सापडला. परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठाने तो फुकट ठेवला होता. इमारतीचा नकाशा घालायचा, गावाचे अक्षांश-रेखांश घालायचे, तारीख आणि वेळ सांगायची, की सावली कुठे पडते ते पडद्यावर दिसायचं. नवरा म्हणाला, फुकट आहे म्हणजे व्हायरस असणार. आमच्या धंद्यात नकाशांचा महागडा प्रोग्रॅम सगळ्यांकडे होता आणि कुणीही तो विकत घेतलेला नव्हता. हा मात्र फुकट असून चोरीचा नव्हता, त्यामुळे सुरुवातीला मलाही जरा चुकल्यासारखं वाटलं. मी त्याच्या अटींची सगळी पानं वाचली. तेवढा वेळ मी लग्नाआधी नवऱ्याची चौकशी करण्यातही घालवला नव्हता.

त्याच वर्षी पावसाळ्यात पाचूबंदरहून एक काम आलं. ख्रिस्ती कोळ्यांचं घर, खाली दोन खोल्या, वर मोकळा स्लॅब. घर थोरल्या भावाचं. त्याच्या मुलाचं लग्न ईस्टरनंतर ठरलं होतं आणि थोरल्या जावेला स्लॅबवर पुढच्या बाजूला, पाण्याकडे तोंड करून, एक खोली हवी होती. घराला लागून उजवीकडे धाकट्या जावेचं अंगण होतं. तिथे बांबू उभे-आडवे बांधून ती हिवाळाभर बोंबील सुकवायची. तिचा नवरा गेल्यापासून तिचं घर त्या बोंबलांवरच चाललं होतं. वर खोली झाली तर अंगणात सावली पडेल, बोंबील सुकणार नाहीत, ओले राहून कुजतील, असं तिचं म्हणणं होतं.

दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. का, ते मी विचारलं नाही. पण एकाच ओट्यावर दोन हातांच्या अंतरावर बसून दोघी माझ्याशी बोलायच्या. थोरली म्हणायची, "हिला सांगा, सावली काय कायमची नसते." धाकटी म्हणायची, "तिला सांगा, बोंबील पन कायमचे नसतात."

मी मध्ये पडायला नको होतं. मी नकाशाची बाई. पण माझ्याकडे नवा प्रोग्रॅम होता. मी म्हणाले, भांडू नका, मी कॉम्प्युटरवर सावलीच काढून आणते, दोघींनी मान्य करायची. दोघींनी ओट्याच्या मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या सासूकडे पाहिलं. सासू म्हणाली, काढू द्या, ती शिकलेली आहे.

मोजमाप घ्यायला गेले त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं, सूर्य कुठे आहे ते दिसत नव्हतं. जागेच्या नकाशाची झेरॉक्स मिळाली होती, पण झेरॉक्सवाल्याने कागद तिरका ठेवला होता आणि नेमका उत्तरेचा बाण कापला गेला होता. मी थोरलीला विचारलं, हे समोर पाणी दिसतंय ते काय? ती म्हणाली, "दर्या." मी मूळची सांगलीची. अरबी समुद्र पश्चिमेला, हे भूगोलात मी इतक्या वेळा लिहिलं होतं की मी पुढे काही विचारलंच नाही. घराचं तोंड पश्चिमेला, अशी नोंद केली आणि चहा प्यायले.

दिवाळीनंतरच्या रविवारी नवऱ्याचा ऑफिसचा लॅपटॉप घेऊन मी पाचूबंदरला गेले. ओट्यावर स्टूल ठेवलं, त्यावर लॅपटॉप. शेजारपाजारच्या बायका टोपल्या खाली ठेवून मागे उभ्या राहिल्या. मी डिसेंबरचा दिवस लावला. पडद्यावर घर, घरावर खोली, शेजारी अंगण. सूर्य हलायला लागला तशी खोलीची सावली अंगणावर आली आणि तिथून उठायलाच तयार होईना. दहा वाजता तिथेच, बारा वाजता तिथेच, तीन वाजताही तिथेच.

 धाकटीने उठून मला दुसरा चहा आणून दिला. थोरलीचा चेहरा पाहून मलाच वाईट वाटलं. ती म्हणाली, बरं, मग लग्न पुढे ढकलते, नाहीतर पोरगा-सून दुसरीकडे भाड्याने राहतील. म्हाताऱ्या सासूने मात्र स्टूल आपल्याकडे ओढायला लावलं.

"बाय, परत लाव."

मी परत लावलं. घराच्या मागे गल्लीच्या तोंडाशी एक क्रूस होता, खूण म्हणून मी तो नकाशात घातला होता. सूर्य बरोबर त्याच्या मागून वर आला. म्हातारी पडद्याकडे बघत राहिली, मग मागे वळून तिने घराच्या कडेने दिसणाऱ्या खऱ्या क्रूसाकडे बघितलं.

"आमच्याकडं सूर्य क्रूसामागून उगवत नाय," ती म्हणाली. "मी ऐंशी वर्सं बघते. त्या बर्फाच्या कारखान्यावरून उगवतो."

पाण्याकडे तोंड केलं की बर्फाचा कारखाना डावीकडे होता. म्हणजे डावीकडे पूर्व. म्हणजे समोर दक्षिण. मी चाचरत विचारलं, समोर दर्या आहे ना? तेव्हा मागची एक बाई म्हणाली, ही खाडी. खाडीच्या तोंडावर राहतो आम्ही, आम्हाला सगळं पानी दर्याच.

कॅथलिक घरात सूर्य क्रूसामागून उगवला असता तर तो चमत्कार ठरला असता, पण माझ्या बाबतीत ती नुसती चूक होती. बायका हसल्या. थोरली सगळ्यात मोठ्याने हसली.

मी तिथेच पडद्यावरची उत्तर दिशा फिरवली. आता सावली सकाळी अंगणात होती, पण साडेनऊ-दहानंतर सरकून घरामागे गेली. थोरली सरळ बसली. मला वाटलं, सुटलं. पण धाकटी म्हणाली, "ऊन जाऊ दे. मतलईचं काय?"

मतलई म्हणजे जमिनीकडून पहाटे येणारा कोरडा वारा. बोंबील उन्हापेक्षा त्याच्यावर सुकतो, आणि तो कारखान्याच्या बाजूने, म्हणजे नेमका त्या खोलीवरून येणार होता. प्रोग्रॅमच्या दुसऱ्या भागात वाऱ्याचाही हिशेब होता, पण त्याला हवामानाची फाइल लागायची, आणि फुकट फाइल होती ती मुंबईच्या विमानतळाची. विमानतळावरच्या वाऱ्याने पाचूबंदरचे बोंबील सुकवायचं धाडस माझ्यात आता उरलं नव्हतं. मी तसं सांगून टाकलं.

म्हातारी म्हणाली, मग खोली बांधून बघा ना.

बांधूनच बघितली. स्लॅबवर पुढच्या बाजूला, खोली येणार तिथे, बांबू उभे केले आणि चारी बाजूंनी खोलीच्या उंचीइतकी जुनी ताडपत्री बांधली. अंगणात धाकटीने बोंबील टांगले. चार दिवसांनी मला बोलावलं. मधल्या रांगांतले बोंबील हाताला चिकट लागत होते, कडेचे खडखडीत होते. मग पुरुषमाणसांनी ताडपत्री सोडून स्लॅबच्या मागच्या अर्ध्या भागावर, क्रूसाच्या बाजूला बांधली. आणखी चार दिवसांनी सगळ्या रांगा सारख्या सुकल्या. थोरलीला पाण्याकडची खोली हवी होती, तिला गल्लीकडची मिळाली. ती म्हणाली, "हिला सांगा, माझी सून दर्या न बघता राहील." धाकटी म्हणाली, "तिला सांगा, बोंबील पोचवते." आणि तेव्हापासून पोचवतेही.

त्या शेवटच्या चार दिवसांत माझ्या सांगण्यावरून घरच्यांनी दर तासाला सावलीची कड कोळशाने अंगणात आखून ठेवली होती, ती मी मोजून आणली. घरी येऊन मी प्रोग्रॅममध्ये मागची खोली, तीच तारीख, तीच वेळ घातली. रेघा जुळल्या, फरक जेमतेम वीतभर. मला इतका आनंद झाला की मी पुन्हा लॅपटॉप घेऊन गेले आणि म्हातारीला दाखवलं. तिने कोळशाच्या रेघा बघितल्या, पडदा बघितला.

"शिकला म्हनायचा," ती म्हणाली.

लग्न ईस्टरनंतर ठरल्या दिवशी झालं, आणि पोरगा-सून वरच्या खोलीत राहायला गेले. पुढच्या हिवाळ्यात मी तिथून जात होते, तर धाकटी अंगणात उभी राहून वर तोंड करून बोलत होती, आणि माझ्यामार्फत नाही, थेट.

"ती चादर आत घ्या. पानी माझ्या बोंबलांवर ठिबकतंय."

वरून थोरलीचं उत्तर आलं, वारा तिकडचा आहे, त्याला सांग.

मी थांबले नाही. ओल्या चादरीचं पाणी कुठे पडेल ते सांगणारा प्रोग्रॅम अजून कुणी केलेला नाही, फुकटसुद्धा.