अवसेला निघालेलं यंत्र

भाऊमामा चहासुद्धा चालत चालत प्यायचे. चिखलीतल्या त्यांच्या वर्कशॉपमध्ये कप एकीकडे, बशी दुसरीकडे आणि मामा तिसरीकडेच. माणूस एका जागी ठरेल तर शपथ!

असा माणूस वाट पाहत होता, आणि तीही पेटंट संपायची. एका कंपनीच्या पेरणीयंत्रात एकेक दाणा सोडणारी चकती होती. यंत्र फार महाग. मामांनी तसंच स्वस्तातलं यंत्र मागच्या मृगाआधीच करून ताडपत्रीखाली झाकून ठेवलं होतं. विकायचं मात्र कंपनीचा हक्क संपल्यावरच. मी पुण्यात पेटंटच्या वकिलाकडे कामाला, म्हणून सारखा फोन. "संपलं का बे त्याचं?"

मामा वीस वर्षं मोजत होते ती पेटंट मंजूर झाल्यापासून. मी सांगितलं, मुदत अर्ज दाखल केल्यापासून धरतात. म्हणजे याच वैशाखात संपेल. मामा खूश व्हायचे सोडून भडकले. "मंग इतके दिवस काऊन नाही सांगतलं बे?" लगेच नवी शंका. "वर्षाची फी भराले विसरले असतीन, तं आधीच मेलं असन ना ते?" मी तपासलं. विसरले नव्हते.

नवं यंत्र आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नारळ फोडूनच बाहेर काढायचं, हा मामांचा नेम. त्या दिवशी मी चिखलीतच होतो. यंत्र न्यायला अमडापूरचे शेतकरी तात्या ट्रॅक्टर घेऊन दारात हजर. मुदत संपायला मात्र अजून काही आठवडे होते.

"भाऊ, कोन पाह्यते? घेऊन जातो," तात्या म्हणाले.

मामांनी ताडपत्री उचलली, टाकली, पुन्हा उचलली. माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली.

"नाही तात्या. अजून ते त्यायचं हाय."

ट्रॅक्टर रिकामा गेला.

मुदत संपली त्याच्या दुसऱ्याच दिवशी अवस होती. मामांनी सकाळीच तात्यांना बोलावून यंत्र बाहेर काढलं. मामी कळवळून म्हणाली, "अवसेले नवी वस्तू काढते का कोनी?"

"उद्यावर टाकलं तं माहा जीव जाईन," मामा म्हणाले.

मृग लागायच्या तोंडावर मामा गेले. त्यांच्या यंत्रातून मातीत पडलेला एक दाणाही त्यांनी पाहिला नाही. मला अजून त्या मुदतीचा संताप येतो. दिवसकार्य झाल्यावर मी मामीला म्हणालो, मागच्याच मृगाला गुपचूप विकून टाकलं असतं तर?

"इकलं असतं," मामी म्हणाली. "पन मंग वर्षभर त्यायले घरात झोप आली असती काय?"